आजीला ओसरीवर लेकरं दिसतात, नातीला डोळे मिटले की काहीच नाही

अहमदपूर तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलेल्या प्रश्नाचं हे उत्तर आहे. प्रश्न थोडक्यात असा. आजींचं वय ७८. एक डोळा काचबिंदूने गेलेला, दुसऱ्याचा पडदा वयोमानाने खराब झालेला. गेल्या चार महिन्यांपासून दिवेलागणीला त्यांना ओसरीवर रंगीत कपड्यांतली लहान लेकरं दिसतात. लेकरं बोलत नाहीत, काही मागत नाहीत, थोडा वेळ उभी राहतात आणि जातात. कधी समोरच्या भिंतीवर जाळीसारखी नक्षी पसरते. एकदा अंगणातून वीतभर उंचीच्या माणसांची वरात गेली. बाकी आजी ठणठणीत, दूधवाल्याचा महिन्याचा हिशेब तोंडी करतात. गावात म्हणतात बाहेरचं आहे. काका अमावास्येला एका ठिकाणी न्यायचं म्हणतायत. शहरातला मावसभाऊ म्हणतो, ही वेडाची सुरुवात आहे. शेवटी ताईंनी स्वतःचंही विचारलंय. ध्यानाच्या वर्गात 'विठ्ठलाची मूर्ती डोळ्यांसमोर आणा' असं सांगतात, तेव्हा त्यांना नुसता अंधार दिसतो आणि शेजारी बसलेल्या बाईंना म्हणे गळ्यातली तुळशीमाळसुद्धा दिसते. आजीला नको असताना दिसतं, मला हवं असताना दिसत नाही, आमच्या घराण्याच्या मेंदूतच काही बिघाड आहे का?

घराण्याचं आधी मिटवू. या दोन गोष्टी एकमेकींतून आलेल्या नाहीत. पण तुम्ही त्या शेजारी ठेवल्यात हे बरं झालं, कारण दोन्हींच्या तळाशी प्रश्न एकच आहे: चित्र नक्की तयार होतं कुठे? डोळ्यात की मेंदूत? हे नीट लागलं की आजींना बाधा झालेली नाही आणि वेडही लागलेलं नाही असं मला का वाटतं, ते तुमच्या काकांनाही सांगता येईल.

मी लातूरला डोळ्यांचा दवाखाना चालवतो. औसा, निलंगा, रेणापूर, इकडे अंबाजोगाईपर्यंतची म्हातारी माणसं येतात. आजींसारखं दिसणं त्यांच्यात काही दुर्मीळ नाही, दुर्मीळ आहे ते सांगणं. म्हणून थेंब लिहून देता देता मी सहज विचारल्यासारखं विचारतो, "मावशी, कधी नसलेलं माणूस, फुलं, नक्षी असं काही दिसतं का? नजर कमी झालेल्या बऱ्याच जणांना दिसतं." यातलं दुसरं वाक्य फार कामाचं. ते गाळलं तर उत्तर ठरलेलं, 'न्हाई'. ते वाक्य ऐकल्यावर मात्र मावशी आधी सुनेकडे बघतात, सून चिठ्ठी घेऊन मेडिकलवर गेली की मग हळूच सांगतात, "लेकरं दिसायलेत वो डाक्टरसाब. घरात सांगू नका." लाजेचं हे गणित फक्त आपल्याकडचं नाही. नेदरलँड्समध्ये १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत नजर अधू झालेल्या ५०५ पेशंटना नेमकं विचारलं, तेव्हा ६० जणांना असं काहीतरी दिसत असल्याचं निघालं. त्यांतल्या बहुतेकांनी तोवर डॉक्टरला पत्ता लागू दिला नव्हता.

या प्रकाराला चार्ल्स बॉने सिंड्रोम म्हणतात. बॉने हा जिनिव्हाचा निसर्गअभ्यासक. त्याचे आजोबा, शार्ल ल्युलँ, मोतीबिंदूमुळे नजर अधू झालेले. त्यांना घरात माणसं, पक्षी, गाड्या, इमारती दिसायच्या. डोकं शाबूत, स्मरण पक्कं, आणि हे खरं नाही हेही ठाऊक. नातवाने ते १७६० साली लिहून ठेवलं. १९३६ मध्ये द मॉर्सिए या स्विस मेंदूतज्ज्ञाने या लक्षणांना बॉनेचं नाव दिलं. म्हणजे आजीआजोबांना काय दिसतं ते नातवंडाने नोंदवायचं, ही परंपरा जुनीच आहे.

आता एक अट. मी आजींना तपासलेलं नाही. तुमच्या वर्णनावरून नव्वद टक्के कल याच बाजूला जातो, पण उरलेल्या दहा टक्क्यांत काही गंभीर आजार बसतात. त्यांची ओळख पुढे देतो, ती वगळून नुसतं 'अरे वा, वेड नाही' एवढंच घेऊन जाऊ नका.

शाळेत आपल्याला डोळा म्हणजे कॅमेरा असं शिकवलं. भिंगापुरतं ते खरं आहे, पडद्यापासून पुढे नाही. पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या सुमारे १२ कोटी दंडपेशी आणि ६० लाखांच्या आसपास शंकुपेशी असतात. त्यांची खबर मेंदूकडे नेणाऱ्या नसेत तंतू मात्र दहा-बारा लाखच. एवढी काटछाट डोळ्यातच होते. ती नस मेंदूच्या मध्यात थॅलॅमसमधल्या एका छोट्या ठाण्यावर पोचते, आणि तिथली गंमत विद्यार्थ्यांना सांगितली की त्यांचा विश्वास बसत नाही: त्या ठाण्यावर येणाऱ्या जोडण्यांत डोळ्याकडून आलेल्या जेमतेम दहावा हिस्सा असतात. बाकीच्यांतला मोठा वाटा मेंदूकडूनच उलटा आलेला असतो. डोळा काय म्हणतो ते ऐकण्याआधी, तो काय म्हणणार याचा अंदाज मेंदूने तिथे धाडलेला असतो.

ठाण्यावरून खबर डोक्याच्या मागच्या भागात जाते. तिथे पहिल्या टप्प्यावर नुसत्या रेघा, कडा, त्यांचे तिरकेपण एवढंच हाताळलं जातं. ह्युबेल आणि वीझल यांनी हे मांजरांवर आणि माकडांवर दाखवलं आणि १९८१ चं नोबेल मिळवलं. त्यापुढे कामं वाटलेली आहेत. रंगाचा भाग वेगळा, हालचालीचा वेगळा, चेहऱ्यांचा वेगळा. चेहऱ्याला विशेष प्रतिसाद देणारा, कानामागे खालच्या बाजूला असलेला पट्टा नॅन्सी कॅनविशर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये नेमका दाखवला. तिथे इजा झालेला माणूस पोटच्या मुलीला तोंडावरून ओळखत नाही. 'बाबा' म्हणाली की आवाजावरून ओळखतो. चष्म्याचा नंबर चोख असतो.

मेंदू किती बेमालूम भर घालतो ते आत्ता घरबसल्या पाहा. डावा डोळा झाका. उजव्या डोळ्याने समोरच्या भिंतीवरची एखादी खूण बघत राहा. हात सरळ लांब करून अंगठा त्या खुणेपासून हळूहळू उजवीकडे न्या, नजर मात्र खुणेवरच. साधारण दीड मुठीच्या अंतरावर अंगठ्याचं टोक नाहीसं होतं. तिथे डोळ्यातून नस बाहेर पडते, प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नाहीत. पण तुम्हाला तिथे काळं भोक दिसतं का? नाही. भिंतीचा रंग दिसतो. तो कुणी भरला? याच कारणाने काचबिंदू घातकी ठरतो. मशीनवर फिल्ड टेस्ट काढली तर कडेची अर्धी नजर गेलेली असते आणि पेशंट छातीठोकपणे सांगतो, मला तर सगळं चांगलं दिसतंय. काळे डाग दिसले असते तर लोक वेळेत आले असते. (काचबिंदू घरात एकाला असेल तर चाळिशीनंतर बाकीच्यांनीही डोळ्याचं प्रेशर आणि नस तपासून घ्यावी. ताई, यात तुमचे वडील आणि काका आले. घराण्याचा प्रश्न विचारायचाच तर तो हा.)

म्हणजे रोजचं साधं पाहणंसुद्धा मेंदूने बांधलेलं असतं, आणि डोळा ते सारखं तपासून दुरुस्त करत असतो. आता आजींकडे या. एका डोळ्याची नस गेली, दुसऱ्याच्या पडद्याचा मधला भाग गेला. खबर येणं घटलं, पण मागचा दृश्य-मेंदू धडधाकट आहे. तो स्वस्थ बसत नाही. लातूरच्या आडत बाजारात बसणाऱ्याला हे एका वाक्यात कळेल: आवक घटली की डागी मालालाही भाव येतो. एरवी ज्या बारीकसारीक आपसूक उठणाऱ्या संदेशांना मेंदूत कुणी विचारत नाही, त्यांना आवक थांबल्यावर वजन मिळतं. चेहऱ्याच्या भागात असा संदेश चढला की चेहरा दिसतो, रंगाच्या भागात चढला की रंग.

हा तर्क तपासून पाहिलेला आहे. डोळे उत्तम असलेल्या १३ जणांना पाच दिवस डोळ्यांवर पट्टी बांधून ठेवलं, त्यांतल्या १० जणांना काही ना काही दिसू लागलं. कुणाला चमक आणि आकार, कुणाला चेहरे, इमारती, देखावे. पट्टी काढली की थांबलं. हा प्रयोग २००४ मध्ये छापून आला. पाच दिवसांत तरण्याताठ्यांचं हे होतं, तर वर्षानुवर्षं धुक्यात बसलेल्या आजींचं काय घेऊन बसलात! त्याआधी १९९८ मध्ये डॉमिनिक फिच यांनी याहून थेट गोष्ट केली. बॉने सिंड्रोमच्या पेशंटना एमआरआय मशीनमध्ये झोपवलं आणि दिसायला लागलं की खूण करायला सांगितलं. रंगीत काही दिसत होतं तेव्हा रंगाचा भाग कामाला लागलेला, चेहरे दिसत होते तेव्हा चेहऱ्याचा. पेशंट सांगत होता ते आणि मशीन दाखवत होतं ते जुळलं. तेव्हा आजी लेकरं दिसतात म्हणतात, त्या खोटं बोलत नाहीत. त्यांना खरोखर दिसतात. ओसरीवर लेकरं नाहीत एवढंच.

जाळीची नक्षी, विटांसारखे चौकोन, झालरी, ठेवणीतले कपडे घातलेली माणसं, बुटकी माणसं, चेहऱ्यांच्या रांगा: हे सगळं या आजारात जगभर सापडतं. तुमच्या पत्रात वीतभर माणसांची वरात वाचली तेव्हा मला निदानाचा धीर आला, कारण बाधेच्या गोष्टी गावागावात बदलतात पण हे बदलत नाही. आणखी एक खूण आजींना विचारून बघा. त्यांना तुमचं तोंड धूसर दिसत असेल, पण त्या लेकरांच्या अंगरख्याची गुंडी स्पष्ट दिसत असेल. खराब पडदा वाटेत लागतच नाही ना! पेशंट हे नवलाने सांगतात, "बाकी समदं धुरकट, पर ती लेकरं लख्ख."

मग ही आजींची कल्पनाच झाली की, असं मावसभाऊ म्हणेल. तसं नाही, आणि इथेच तुमचा दुसरा प्रश्न येतो. कल्पना करतानाही माणूस बहुतांशी हीच यंत्रणा वापरतो, फक्त वारा उलटा वाहतो. पाहताना खबर मागून सुरू होते, रेघांपासून चेहऱ्याकडे, अर्थाकडे. मनात चित्र आणताना आधी आठवण आणि हेतू जागे होतात, तिथून निरोप उलट दृश्य-भागांकडे जातो, आणि जेवढा खालपर्यंत पोचतो तेवढं चित्र स्पष्ट. म्हणून मनातलं चित्र बहुतेकांचं फिकट असतं, क्षणात विरतं, आणि धरून ठेवायला जोर लागतो. आजींची लेकरं या वाटेने येत नाहीत. त्या बोलावत नाहीत, चेहरे ओळखीचे नसतात, आणि 'जा' म्हटल्याने जात नाहीत. निरोप वरून निघालेलाच नसतो. दृश्य-भागच आपणहून पेटलेला असतो. त्यामुळे ते दिसणं पाहण्यासारखं लागतं, आठवण्यासारखं लागत नाही.

मेंदू खरं आणि मनातलं यांत फरक करतो कसा, यावर १९१० सालचा एक मजेदार प्रयोग आहे. चीव्ह्ज वेस्ट पर्की या अमेरिकी संशोधक बाईंनी लोकांना पडद्याकडे बघत केळं, टोमॅटो अशा वस्तू मनात आणायला सांगितल्या, आणि त्यांना न कळवता मागून खरोखरीचं फिकट चित्र टाकलं. लोकांनी त्या चित्राचं वर्णन केलं, पण आपण ते कल्पनेने पाहिलं अशीच त्यांची समजूत. केळं उभं कसं दिसलं, मी तर आडवं आणलं होतं, असंही कुणी म्हणालं. २०२३ मध्ये नादिन डायक्स्ट्रा आणि स्टीफन फ्लेमिंग यांनी याच धर्तीवर काम करून दाखवलं की मेंदू मुख्यतः संदेश किती जोरकस आहे ते बघतो. एका मर्यादेपलीकडे जोर गेला की खरं, अलीकडे राहिला की मनातलं. चिठ्ठी लावलेली नसते. म्हणूनच जोरकस आतला संदेश खऱ्यासारखा वाटू शकतो, आणि म्हणूनच आजींच्या शहाणपणाला मी दाद देतो. त्यांचा मागचा दृश्य-मेंदू 'लेकरं आहेत' म्हणतो, आणि त्या विचार करून म्हणतात, 'कुणाची असतील? पावलं वाजत नाहीत, कुत्रं भुंकत नाही, तेव्हा नसावीत.' वेड लागलेला माणूस हे करत नाही.

आता ते दहा टक्के. लेकरं बोलायला लागली, हुकूम द्यायला लागली, आजी त्यांच्यासाठी ताट वाढायला लागल्या, 'ही खरीच आहेत' म्हणून भांडायला लागल्या, तर ते बॉने सिंड्रोममध्ये बसत नाही. चाल मंदावली, अंग ताठ झालं, रात्री झोपेत हातपाय झाडतात, कधी एकदम लख्ख तर कधी तासभर हरवल्यासारख्या, असं असेल तर ल्युई बॉडी नावाचा स्मृतिभ्रंशाचा प्रकार मनात धरावा लागतो. तिथे मेंदूविकारतज्ज्ञच हवा. अशा पेशंटला 'भास होतात' एवढ्यावर हॅलोपेरिडॉलसारखं औषध दिलं तर अंग लाकडासारखं होऊन जिवावर बेतू शकतं, म्हणून कुणाच्या सांगण्यावरून मेडिकलमधून काही आणू नका. दोन-चार दिवसांत एकाएकी बरळणं सुरू झालं, ताप, लघवीला जळजळ, जेवण तुटलेलं असं असेल, तर आधी रक्त-लघवी, सोडियम, साखर. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात सोडियम घसरलेली म्हातारी माणसं मी पाहतो, घरच्यांना वाटतं बाधा झाली. नवीन सुरू झालेल्या गोळ्याही बघा. झोपेच्या, कंप थांबवायच्या, काही पोटदुखीच्या गोळ्या, इतकंच काय ॲट्रोपिनसारखे डोळ्यात घालायचे थेंबसुद्धा म्हाताऱ्या माणसाला भास घडवतात. आणि दोन गोष्टींत तासभरही थांबायचं नाही: अचानक विजेसारख्या चमका, काळे ठिपके आणि कडेने पडदा ओढल्यासारखं होणं म्हणजे डोळ्याचा पडदा सुटत असण्याची शक्यता, अचानक एका बाजूची अर्धी नजर जाणं, तोंड वाकडं होणं, शब्द न सुचणं म्हणजे लकवा.

यातलं काही नसेल तर उपाय साधा आणि थोडा कंटाळवाणा आहे. पहिलं काम म्हणजे उरलेला डोळा जपणं. 'पडदा खराब' एवढ्यावर थांबू नका, कोरडा प्रकार की ओला (म्हणजे पडद्याखाली पाणी-रक्त झिरपणारा) ते ओसीटी तपासणीत, म्हणजे पडद्याच्या स्कॅनमध्ये, बघून घ्या. ओल्यात डोळ्यात इंजेक्शन देऊन नजर टिकवता येते, कोरड्यात ते चालत नाही. मोतीबिंदू वर असेल तर काढल्याने उजेड आत जातो आणि काहींचं दिसणं कमी होतं, सगळ्यांचं नाही. चष्मा पुन्हा तपासा, मोठं भिंग, जाड अक्षरं. काचबिंदूचे थेंब एका डोळ्याची नजर गेली म्हणून दुसऱ्याचे सोडू नका.

दुसरं, ओसरीवरचा उजेड. दिवेलागणीला दिसतं ते उगीच नाही. अंधूक प्रकाश, एकटेपणा, रिकामे हात, या तिन्हींत मेंदूला बाहेरचं काम कमी असतं. संध्याकाळी आधीच चांगला दिवा लावा, रेडिओ लावा, शेंगा फोडायला द्या. दिसायला लागलं की मान न हलवता डोळे डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे असे पंधरा-वीस सेकंद फिरवायला सांगा, पापण्या पटापट मिटायला सांगा, किंवा उठून त्या लेकराला सरळ हात लावायला जायला सांगा. बऱ्याच जणांचं त्याने तेवढ्यापुरतं जातं. खात्रीचं औषध नाही. फार त्रास असेल तर मेंदूविकारतज्ज्ञ काही गोळ्या देऊन बघतात, पण म्हाताऱ्या शरीराला त्या गोळ्यांचा त्रास लेकरांपेक्षा जास्त होऊ शकतो, असं माझं मत. किती दिवस चालेल? काहींचं वर्ष-दीड वर्षात विरळ होतं, काहींचं पुष्कळ वर्षं रेंगाळतं. नेमकी तारीख मी देणार नाही. पण भीती गेली की त्रास गेला, असं मात्र फार जण सांगतात.

अमावास्येचं. काका देवदर्शनाला नेत असतील तर नेऊ द्या, आजींना बरं वाटेल. पण अंगारा डोळ्यात घालणं, धुरी देणं, उपाशी ठेवणं, मारणं, झोडपणं यांतलं काही होणार असेल तर उभं राहून अडवा. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. उरलेल्या एका डोळ्यात राख गेली आणि बुबुळाला जखम झाली तर मग आम्हीही काही करू शकत नाही, हे काकांना कायद्याच्याही आधी सांगा. त्यांना आजींचं वाईट करायचं नाहीये. त्यांच्या हाती दुसरं कारण कुणी दिलेलं नाही एवढंच.

आता ताई, तुमचं. डोळे मिटून मूर्ती येत नाही याला ॲफँटेशिया म्हणतात. फ्रान्सिस गाल्टनने १८८० मध्ये लोकांना सकाळच्या न्याहारीचं टेबल मनात आणायला सांगून चौकशी केली, तेव्हाच काहींनी कळवलं होतं की आम्हाला काहीच दिसत नाही. पुढे शंभरेक वर्षं फार कुणी लक्ष दिलं नाही. ॲडम झेमन या ब्रिटिश मेंदूविकारतज्ज्ञाकडे एक निवृत्त सर्वेक्षक आला, हृदयाच्या नळीची प्रक्रिया झाल्यावर त्याची मनातली चित्रं बंद झाली होती. त्याच्यावर २०१० मध्ये लेख आला. तो वाचून अनेकांनी कळवलं की आम्हाला तर जन्मापासून असंच आहे, आणि २०१५ मध्ये झेमन यांनी हे नाव दिलं. साधारण शंभरात एक ते चार माणसं अशी असतात. तुमच्या ध्यानवर्गात आणखी एखादी असेल, ती गप्प बसलीय. यातल्या बऱ्याच जणांना तर वयाच्या विशी-तिशीपर्यंत वाटत असतं की लोक 'चित्र दिसतं' हे बोलण्यापुरतं म्हणतात.

हे मनाचे खेळ किंवा आळस नाही. सूर्य मनात आणला तरी बहुतेकांच्या डोळ्यांच्या बाहुल्या किंचित लहान होतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ॲफँटेशिया असलेल्यांच्या बाहुल्या खऱ्या उजेडाला नेहमीसारख्या लहान झाल्या, मनातल्या उजेडाला मात्र नाही. बाहुलीला ढोंग करता येत नाही.

पण तुमची अडचण होते का? तुम्ही लिहिलंय की स्पर्धा परीक्षेची तयारी करताय आणि आकृती फिरवण्याच्या प्रश्नांची काळजी वाटते. झेमन यांच्या त्या सर्वेक्षकाने असे प्रश्न अचूक सोडवले, फक्त त्याची रीत वेगळी होती. सर्वसाधारण माणसाला आकृती जितकी जास्त फिरवायची तितका वेळ जास्त लागतो, हे शेपर्ड आणि मेट्झलर यांनी १९७१ मध्ये दाखवलंय. याच्यात ते गणित दिसलं नाही. तो चित्र फिरवतच नव्हता, बहुधा एकेक बाजू ताडून बघत होता. तुम्हीही तेच करत असाल. करत राहा. जागेची आठवण वेगळी असते आणि ती तुमची शाबूत असणार. गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. डोळे मिटून तुम्हाला त्यातला एकही दिसणार नाही, पण कापड बाजारातून निघून सराफ्याकडे कसं जायचं ते तुम्ही न अडखळता सांगाल. चित्र काढण्याच्या एका अभ्यासात असंच निघालं: अशा लोकांनी पाहिलेल्या खोलीतल्या वस्तू आणि रंग कमी काढले, जागा बरोबर दाखवल्या, आणि नसलेल्या वस्तू घुसडण्याच्या चुका तर इतरांपेक्षा कमी केल्या. पिक्सार कंपनीचे माजी अध्यक्ष एड कॅटमल यांनाही मनात चित्र दिसत नाही, आणि त्यांची हयात चलच्चित्रं बनवण्यात गेली.

दुसरी बाजूही आहे. भीतीदायक गोष्ट अंधारात वाचताना बहुतेकांच्या हाताला बारीक घाम सुटतो, तो मोजता येतो. ॲफँटेशिया असलेल्यांना सुटत नाही, पण तसलेच फोटो दाखवले तर त्यांनाही सुटतो. आमच्या भागात ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट ज्यांनी किल्लारीत पाहिली, त्यांच्यापैकी काहींना मनातली चित्रं बंद व्हावीत असंच वाटत आलंय. तेव्हा ज्याला त्याला चित्र हवंच असतं असं नाही.

एकच अपवाद. लहानपणी दिसत होतं आणि अलीकडे अचानक बंद झालं, असं असेल तर मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवा. जन्मापासून असेल तर तपासणीवर एक रुपयाही खर्च करू नका. ध्यानात नाम घ्या, त्याला चित्र लागत नाही. पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्या लाखोंपैकी कितीजणांना मूर्ती मनात दिसते, हे कुणी विचारलेलं नाही.

राहिलं आजींशी बोलणं. 'काही नाही तिथे' असं परत परत सांगू नका, ते त्यांना माहीत आहे आणि त्याने त्या सांगायच्या बंद होतील. 'आज किती होती? कपडे कोणत्या रंगाचे?' असं विचारा, आणि वहीत तारीख, वेळ, किती मिनिटं, उजेड कसा होता, तेव्हा डोळे मिटल्यावर जातात का राहतात, एवढं टिपून ठेवा. दवाखान्यात येताना ती वही, जुने चष्मे, फिल्ड टेस्टचे आधीचे कागद आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या-थेंबांची पिशवी जशीच्या तशी आणा. मावसभावालाही आणा. काका येत असतील तर फारच उत्तम.